ताठ मान, ताठ कणा

गेल्या काही वर्षांत आपल्या ख्रिस्ती घरांतील बोलण्यात एक इंग्रजी शब्द चांगलाच रुळला आहे. रविवारची मिस्सा चुकवू नये असे आईने म्हटले की मुलगी उत्तरते, ‘‘मम्मी, तू फारच रिजिड आहेस.’’ धर्मग्रामाच्या सभेत जमाखर्चाची कागदपत्रे वेळेवर मागणाऱ्या सभासदाला बाकीचे समजावतात, ‘‘एवढे रिजिड राहून चालत नाही.’’ मुलीच्या लग्नात दारू वाढणार नाही असे ठरविणारा पिता रिजिड, परीक्षेत कॉपी करू न देणारा शिक्षक रिजिड. पत्नीला नोकरी करू न देणारा नवराही रिजिड, आणि मुलाने परक्या समाजातली मुलगी पसंत केली म्हणून वर्षानुवर्षे त्याचे तोंड न पाहणारा बापही रिजिडच!

वाचकांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी. तिच्यात काही प्रामाणिक माणसे आहेत आणि काही जुलमी माणसे आहेत. हिशेब मागणारा सभासद आणि बायकोला कोंडून ठेवणारा नवरा या दोघांना आपण एकाच बाकावर बसविले आहे. यात नुकसान दुहेरी होते. प्रामाणिकाच्या वाट्याला नसता ठपका येतो आणि जुलमी माणूस सौम्य शब्दाच्या आडोशाने निसटतो. ज्याला ‘निर्दय’ म्हणायला हवे त्याला ‘जरा रिजिड’ म्हटले की घरातल्या सर्वांना हायसे वाटते. पण ज्या सुनेला तो निर्दयपणा रोज सोसावा लागतो तिचे दुःख त्या शब्दासरशी झाकले जाते. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे. माणसाच्या स्वभावासाठी आणि आचरणासाठी हा शब्द ज्या सैलपणे आपण वापरतो, तो वापर आपण बंद केला पाहिजे.

हे भांडण इंग्रजी भाषेशी नाही. त्या भाषेची नीट बाजू घ्यायची तर तिने या शब्दाचे किती काटेकोर उपयोग केले आहेत ते पाहावे. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ताठ असणे, गोठून कडक होणे. त्याच मुळातून ‘रिजिड’ आला आणि त्याच मुळातून ‘रिगर’ही आला. विद्वानाच्या संशोधनात ‘रिगर’ आहे असे म्हटले की ती स्तुती ठरते. तोच विद्वान ‘रिजिड’ आहे म्हटले की ती निंदा होते. एका आईची दोन लेकरे. एकाला मान, दुसऱ्याला शिवी. अभियंत्याला मात्र ही निंदा ठाऊक नाही. पुलाच्या तुळईत पुरेशी रिजिडिटी नसेल तर तो पूल वाहतुकीस खुला करण्याचे धाडस कोणी करणार नाही. मंदीच्या काळातही मजुरी सहजासहजी खाली येत नाही, यालाही अर्थशास्त्रज्ञ हाच शब्द लावतात. ज्या कामगाराची चूल त्या मजुरीवर पेटते त्याला ती रिजिडिटी मोठा आधारच वाटत असेल.

वैद्यकातील उपयोग तर सर्वांत बोलका आहे. पार्किन्सनच्या रुग्णाचा हात डॉक्टर वाकवून पाहतात तेव्हा स्नायूंचा विरोध सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच जाणवतो, जणू शिशाची नळी वाकवावी. या लक्षणाला ते रिजिडिटी म्हणतात. पण तो रुग्ण काही हट्ट करीत नसतो. हात हलावा अशी त्याची मनापासून इच्छा असते, तरी तो मोकळेपणाने हलत नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने ताठर तो, ज्याला हलताच येत नाही. ज्याला हलता येते, हलण्याचे फायदेही दिसतात, आणि तरीही जो विचारपूर्वक जागेवर उभा राहतो, त्याला हा शब्द कसा लागू पडणार? असमर्थता आणि नकार या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या रोजच्या बोलण्याने नेमका हाच भेद पुसून टाकला आहे.

‘‘जे ताठर असते ते मोडते,’’ असे एक शहाणपणाचे वाक्यही या शब्दाच्या मागोमाग हमखास येते. वादळात वृक्ष उन्मळतात आणि लव्हाळी वाचतात हा दृष्टान्त आपण शाळेपासून ऐकत आलो. दृष्टान्त म्हणून तो गोड आहे, पण नियम म्हणून तो खोटा आहे. पोलाद काचेपेक्षा सुमारे तिपटीने ताठर आहे; तेवढाच ताण दिला तर काच अधिक वाकते आणि पोलाद कमी. तरीही फुटते ती काच. कारण फुटण्याचा संबंध ठिसूळपणाशी आहे, ताठरपणाशी नाही. आपल्या घरांतही हाच अनुभव येत नाही काय? आजन्म नियमाने वागलेले आजोबा संकटात कोसळत नाहीत, आणि प्रत्येक वाऱ्याबरोबर झुकणारा तरुण पहिल्याच अपयशाने खचून जातो.

आता आपल्या मायबोलीकडे वळू. या एका इंग्रजी शब्दाच्या जागी मराठीने किती वेगवेगळी माणसे ओळखून ठेवली आहेत! शब्द न फिरविणारा तो करारी. दुःखाने न वाकणारा तो कणखर. स्वतःच्या इच्छांना लगाम घालणारा तो निग्रही. हिशेबात पै न सोडणारा तो काटेकोर. विधीच्या बाह्यांगालाच धर्म समजणारा तो कर्मठ. आपलेच खरे म्हणणारा तो हेकेखोर. न स्वतः करणारा, न दुसऱ्याला करू देणारा तो आडमुठा. आणि दुसऱ्याच्या वेदनेने ज्याला पाझर फुटत नाही तो निष्ठुर. यांतील पहिले चार शब्द गौरवाचे, पुढचे चार दोषाचे. आणि आठांतही एकाच्या जागी दुसरा चालत नाही. ‘आग्रह’ हा आपला शब्द पाहा. पंक्तीत तो प्रेम होतो. ‘दुर्’ लागला की दोष होतो. ‘सत्य’ लागले की गांधीजींच्या हाती त्याचे एक युगप्रवर्तक साधन होते. कशाचा आग्रह, हे विचारल्याखेरीज मराठी माणूस निवाडा देत नाही. ‘रिजिड’ म्हणणारा मात्र ते विचारीतच नाही. तो निवाडा आधी देतो, आणि त्यापुढे बोलण्यासारखे काही उरू देत नाही.

ख्रिस्ती वाचकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. भौतिकशास्त्राची मराठी पुस्तके रिजिडिटीला ‘दृढता’ म्हणतात. आणि आपली मुले जाणती झाल्यावर महागुरुस्वामी त्यांच्या कपाळी पवित्र तेल लावून जो संस्कार देतात, त्याचे नाव काय? दृढीकरण! मोठ्या समारंभाने, नवे कपडे घालून, फोटो काढून आपण मुलांना दृढ करवून घेतो. आणि दुसऱ्याच आठवड्यात ते मूल एखाद्या गोष्टीला ठामपणे ‘नाही’ म्हणाले की आपणच त्याला सांगतो, ‘‘असे रिजिड राहू नये, चारचौघांसारखे वागावे.’’ मग तो संस्कार आपण कशासाठी मागितला होता?

बायबलमध्ये या दोन्ही बाजू आहेत आणि त्यांची गल्लत कोठेही नाही. रानात सोन्याचे वासरू करून नाचणाऱ्या इस्राएल लोकांना मोशेच्या ग्रंथात ताठ मानेचे लोक म्हटले आहे. ही उपमा बैलाची आहे. जू घेण्यासाठी जो मान खाली करीत नाही तो ताठ मानेचा बैल. मराठीत मात्र ताठ मानेने जगणे हे भूषण आहे. तीच मान, तोच ताठपणा. एका ठिकाणी ठपका आणि दुसऱ्या ठिकाणी शोभा. फरक एवढाच की मान कोणापुढे ताठ आहे, देवापुढे की अन्यायापुढे? प्रभू येशूने शब्बाथाच्या नियमावर बोट ठेवून रोग्याला बरे होऊ न देणाऱ्यांच्या कठीण अंतःकरणाचा खेद केला. पण त्याच प्रभूने संत योहान बाप्तिस्त्याविषयी लोकांना विचारले की तुम्ही अरण्यात काय पाहायला गेला होता, वाऱ्याने डोलणारा बोरू? या प्रश्नात डोलण्याची स्तुती नाही. राजाला त्याचे पाप तोंडावर सांगणारा आणि त्यासाठी तुरुंगात शिर देणारा योहान आजच्या आपल्या बोलीत ‘रिजिड’च ठरला असता.

हा शब्द घरापुरता राहिला असता तरी एक वेळ चालले असते. पण आपण तो संपूर्ण समाजांवरही फेकतो, आणि तेथे त्याचा अन्याय अधिक मोठा होतो. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी नावाचे गाव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबेचे मंदिर यांमुळे बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र आणि कर्नाटकातूनही हजारो कुटुंबे येथे येतात. आपापसांत ती गोरमाटी बोलतात. वयस्क स्त्रियांच्या अंगावर अजूनही आरशांचे तुकडे जडविलेली कांचळी आणि घेरदार फेटिया दिसतो. हे पाहून शहरातला सुशिक्षित मनुष्य म्हणतो, ‘‘हे लोक फार रिजिड आहेत, बदलायला तयार नाहीत.’’

बदलायला तयार नाहीत? बंजाऱ्यांचा इतिहास एकदा डोळ्यांखालून घालावा. शतकानुशतके त्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरत. मोठमोठ्या फौजांची रसद त्यांच्यावर अवलंबून असे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढच्या काही दशकांत लोहमार्गांनी व पक्क्या सडकांनी हा व्यवसाय संपविला. १८७१ साली इंग्रज सरकारने असा कायदा केला की त्याखाली जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठराव्यात. अनेक भटक्या समाजांबरोबर ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांवरही हा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. दरम्यान या समाजाने बैल विकले, नांगर धरला, कोयता घेऊन ऊसतोडीला जाऊ लागला, मुले शाळेत घातली. पुसद तालुक्यातील गहुलीच्या तांड्यातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. ज्यांनी व्यवसाय बदलला, वस्ती बदलली, परक्या भाषा शिकून घेतल्या, त्यांनी फक्त घरातली बोली आणि आपला देव सोडला नाही, तर ते ताठर झाले!

खरा ताठरपणा पाहायचा असेल तर तो त्या यात्रेकरूंच्या खिशातील दाखल्यांवर पाहावा. एकाच पंगतीत जेवणारे तीन बंजारा; तिघांची बोली एक, कुळे एकमेकांना माहीत, सोयरिकी जुळलेल्या. त्यांतील तेलंगणचा बंजारा अनुसूचित जमातीत मोडतो, कर्नाटकचा अनुसूचित जातीत, आणि महाराष्ट्राचा विमुक्त जाती ‘अ’ या प्रवर्गात. राज्याची सीमा ओलांडली की माणूस तोच राहतो आणि रकाना बदलतो. भाषेचेही तेच. २०११च्या जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगणारे ३२ लाखांहून अधिक आणि बंजारी सांगणारे १५ लाखांहून अधिक लोक आहेत; पण हे सर्व ‘हिंदी’ या मथळ्याखाली मोजलेले आहेत. गोरमाटी बोलणाऱ्या आजीला आपण हिंदी भाषक आहोत याची कल्पनाही नसेल. आता सांगावे, ताठर कोण? आपली बोली बोलणारी ती आजी, की तिच्या तोंडचे शब्द ऐकूनही न बदलणारा तो रकाना? पण रकान्याला कोणी रिजिड म्हणत नाही. त्याला ‘वर्गीकरण’ असे प्रतिष्ठित नाव आहे. हा शब्द नेहमी वरून खाली फेकला जातो. ज्याच्या हाती लेखणी आहे तो लेखणी नसलेल्याला रिजिड म्हणतो.

यात आपल्याला परके असे काही नाही. १६८४ साली गोव्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी कोंकणी सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. त्या काळातील गोव्याच्या माउल्या स्वयंपाकघरात ‘रिजिड’ राहिल्या म्हणूनच १९९२ साली कोंकणीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळू शकले. वसईची सामवेदी आणि वाडवळी बोलीही अशाच ‘न सुधारलेल्या’ आजीआजोबांनी आपल्यापर्यंत आणून पोहोचविली आहे. त्यांनी समजूतदारपणे वळण घेतले असते तर आज आपल्याकडे त्या बोलींतले एक लग्नगीतही उरले नसते.

याचा अर्थ प्रत्येक रूढी जपावी आणि प्रत्येक नियम लोखंडी मानावा असा नाही. तसेच लवचिकपणा हा नेहमीच सद्गुण असतो असेही नाही, आणि याचाही दाखला पोहरादेवीनेच दिला आहे. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट उंबरठ्यावर असताना, एका मंत्र्याच्या भेटीच्या निमित्ताने तेथे हजारोंची गर्दी जमू दिली गेली. सामान्य माणसाच्या घरच्या लग्नाला आणि अंत्यविधीला जो नियम लावला जात होता, तो सत्तेपुढे एकाएकी लवचिक झाला. आदल्या वर्षीच्या, १२ एप्रिल २०२०च्या ईस्टरला आपली देवळे बंद होती. पुनरुत्थानाची मिस्सा आपण घरात बसून पाहिली. त्या दिवशी तो नियम पाळणाऱ्याला कोणीही रिजिड म्हटले नाही, कारण त्यामागे शेजाऱ्याचा जीव आहे हे सर्वांना दिसत होते.

येथे एक जाणता वाचक मला अडवील. तो म्हणेल, ‘‘परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीच ताठरपणावर कितीदा तरी टीका केली होती, मग आम्ही तो शब्द वापरला तर बिघडले कोठे?’’ आक्षेप रास्त आहे. २०२५ साली देवाघरी गेलेल्या या पोपमहोदयांनी हा शब्द वारंवार वापरला यात शंका नाही. २१ डिसेंबर २०१९ रोजी रोमन कुरियापुढे नाताळनिमित्त बोलताना त्यांनी ताठरपणाचा उगम बदलाच्या भीतीत असल्याचे दाखविले होते. पण नीट पाहावे. त्यांनी रोगाचे नाव घेतले, त्याबरोबर त्याचे कारणही सांगितले. आणि त्यांचा रोख आधी स्वतःच्या दरबारातील अधिकाऱ्यांकडे होता. वैद्याने केलेले निदान आणि भांडणात फेकलेला रोगाचा शब्द यांत जे अंतर आहे, तेच त्यांच्या आणि आपल्या वापरात आहे. आपण कारण शोधीत नाही, भीती कोणती ते विचारीत नाही, आणि आपला रोख सहसा आपल्याहून दुबळ्याकडे असतो. त्यांचे नाव घेऊन हिशेब मागणाऱ्याचे तोंड बंद करणे हा त्यांच्या शिकवणीचा विपर्यास आहे.

मग खरा ताठरपणा ओळखावा कसा? माझ्या मते एकच प्रश्न पुरेसा आहे: या माणसाच्या न वाकण्याची किंमत कोण मोजतो? शास्त्री-परूशी लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादीत आणि स्वतः बोटही लावीत नसत, अशी प्रभूची त्यांच्याविषयी तक्रार होती. बायकोला कोंडणाऱ्या नवऱ्याच्या तत्त्वाची किंमत बायको मोजते. त्याला निष्ठुर म्हणा, हेकेखोर म्हणा, आणि तोंडावर म्हणा. पण दारूविना लग्न लावणारा पिता नातेवाइकांचे टोमणे स्वतः सोसतो. हिशेब मागणारा सभासद पुढच्या निवडणुकीत स्वतः पडतो. त्यांना करारी म्हणण्याइतकी तरी उदारता आपल्याजवळ असावी.

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. १५५७ साली वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला, जपानी भाषा शिकला, व्यापारी झाला, मग मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. देश बदलले, भाषा बदलल्या, व्यवसाय बदलला, वेष बदलला; इतका लवचिक माणूस त्या शतकात विरळा. आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे हाच माणूस श्रद्धा सोडण्यापेक्षा क्रूसावर चढला. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. सर्व बाबतींत वाकणारा आणि एका बाबतीत मुळीच न वाकणारा! बैलगाडीचे चाक फिरते ते आस स्थिर असतो म्हणून. आसही फिरू लागला तर गाडी पुढे जाणार नाही, वाटेतच मोडून पडेल. आपण मात्र चाकाचे कौतुक करतो आणि आसाला नावे ठेवतो.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. आपल्या घरात कोणी कोणाला ‘रिजिड’ म्हटले की तेथेच थांबवावे आणि विचारावे, ‘‘नेमके काय म्हणायचे आहे? कर्मठ, की काटेकोर? हेकेखोर, की कणखर?’’ मुलांना आधी उत्तर सुचणार नाही, कारण हे शब्द आपण त्यांच्या कानांवर पडूच दिलेले नाहीत. ते शिकवावेत. शब्द निवडायचा म्हटला की समोरच्या माणसाकडे पाहावे लागते, तो कशासाठी अडून बसला आहे ते ऐकून घ्यावे लागते. एवढे ऐकल्यावर कदाचित मुलीच्या लक्षात येईल की आईचा रविवारचा आग्रह हा हेका नाही. आणि कदाचित आईच्याही लक्षात येईल की आपल्या दहा आग्रहांपैकी चार निव्वळ सवयीचे आहेत, ते सोडले तरी देव रागावणार नाही. त्या दोघींचे खरे बोलणे तेथून सुरू होईल.